जाळी नसलेल्या मैदानावरचे पहिले वर्ष : अ‍ॅरिझोना रॅटलर्सचा २०१७ चा हंगाम

२६ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या ग्लेनडेल शहरात ‘अरीना फुटबॉल लीग’चा अंतिम सामना झाला आणि त्यात फिलाडेल्फिया सोल या संघाने अ‍ॅरिझोना रॅटलर्सचा त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ५६-४२ असा पराभव केला. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच रॅटलर्सच्या व्यवस्थापनाने जाहीर केले की संघ ही लीग सोडत असून पुढच्या वर्षीपासून तो ‘इनडोअर फुटबॉल लीग’ या दुसऱ्या स्पर्धेत खेळेल. आपल्याकडच्या वाचकाला हा प्रकार जरा चमत्कारिक वाटेल, कारण आयपीएलमधला किंवा प्रो कबड्डीतला एखादा नावाजलेला संघ नाव, प्रशिक्षक आणि प्रेक्षक घेऊन उठला आणि प्रतिस्पर्धी स्पर्धेत जाऊन बसला, असे आपण पाहिलेले नाही. शिवाय रॅटलर्स हा काही तळाचा, कंटाळून बाहेर पडलेला संघ नव्हता. १९९२ पासून फिनिक्स शहरात खेळणाऱ्या या संघाच्या नावावर पाच विजेतेपदे होती आणि त्यांपैकी २०१२, २०१३ आणि २०१४ ची तीन तर सलग मिळवलेली होती. अशा संघाने घर का सोडले आणि नव्या घरी गेल्यावर त्याचा खेळ किती बदलला, हे समजण्यासाठी आधी हा बंदिस्त फुटबॉल काय आहे ते थोडक्यात पाहावे लागेल.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, म्हणजेच लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा आणि एकमेकांना अंगाने अडवण्याचा खेळ. (महाराष्ट्राशी त्याचा संबंध अगदीच नाही असे नाही, २०१२ मध्ये श्रीलंकेत खेळवल्या गेलेल्या एलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या स्पर्धेत पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स या नावांचे संघ होते, पण तो मोकळ्या मैदानावरचा खेळ होता.) त्याचा मूळ नियम असा की आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, तेवढे जमले तर नवे चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचले की टचडाउन होते आणि सहा गुण मिळतात; खांबांमधून चेंडू लाथाडून फील्ड गोल केल्यास तीन गुण मिळतात. मोकळ्या मैदानावर हा खेळ शंभर यार्ड लांबीत आणि अकरा-अकरा खेळाडूंनिशी होतो.

जिम फॉस्टर नावाच्या गृहस्थांनी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त सॉकरचा एक सामना पाहिला आणि तो पाहता पाहताच एका लिफाफ्यावर बंदिस्त अमेरिकन फुटबॉलचा आराखडा काढला. आइस हॉकीच्या रिंगणात मावेल असे मैदान त्यांनी कल्पिले : लांबी पन्नास यार्ड, म्हणजे सुमारे ४६ मीटर, रुंदी ८५ फूट, दोन्ही टोकांना आठ-आठ यार्डांचे छोटे पट्टे आणि कडेला गाद्या लावलेल्या भिंती. अकरांऐवजी आठ खेळाडू ठेवले. चौथ्या प्रयत्नात अडकलेला संघ मोकळ्या मैदानावर चेंडू लांब लाथाडून देतो आणि धोका टाळतो, तसे करण्यास येथे बंदी घालण्यात आली. परिणामी जवळजवळ प्रत्येक आक्रमणाचा शेवट एकतर गुणांत होतो किंवा झटापटीत, आणि सामन्याचे आकडे फुगतात. २०११ च्या अंतिम सामन्यात रॅटलर्स हरले तेव्हा फलक ७३-७० असा होता, यावरून कल्पना यावी. पहिला हंगाम १९८७ मध्ये केवळ चार संघांनिशी खेळवला गेला.

फॉस्टर यांच्या कल्पनेतील सर्वांत वेगळी वस्तू मात्र गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना टांगलेली जाळी ही होती. प्रत्येक जाळी तीस फूट रुंद आणि बत्तीस फूट उंच असे, तिची खालची कड जमिनीपासून आठ फुटांवर असे आणि ती ताणून बांधलेली असल्यामुळे तिच्यावर आदळलेला चेंडू उसळून पुन्हा मैदानात येई. तो चेंडू मृत धरला जात नसे. तो जो पकडेल त्याचा. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये समोरच्या इमारतीच्या भिंतीला लागून आलेला झेलही बाद धरायचा असे ठरले की क्षेत्ररक्षक कुठे उभे राहतात, फलंदाज कुठे मारतो आणि कोणता खेळाडू आधी निवडला जातो, हे सगळेच बदलते. जाळीने फुटबॉलचे नेमके तसेच केले. क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, जरा जास्त लांब फेकलेला चेंडूही वाया जाईलच असे नव्हते, कारण तो जाळीवरून परत येऊन झेलणाऱ्याच्या हातात पडू शकत असे. फील्ड गोलचा प्रयत्न चुकला तर तो चेंडू उसळून विरुद्ध संघाला मिळे आणि त्यांचा खेळाडू तो घेऊन थेट दुसऱ्या टोकापर्यंत धावू शके. उसळीचा कोन ओळखून चेंडू घेणे हे एक स्वतंत्र कसब होते आणि त्या कसबावर काही खेळाडूंची संपूर्ण कारकीर्द उभी होती.

या जाळीच्या पद्धतीचे पेटंट फॉस्टर यांना १९९० मध्ये मिळाले, आणि या एका कागदाने बंदिस्त फुटबॉलचे दोन प्रवाह केले. ज्यांना छोट्या शहरांत स्वस्तात असाच खेळ चालवायचा होता त्यांना जाळी वापरता येत नव्हती, म्हणून त्यांनी जाळीशिवायचा खेळ बसवला. पेटंटची मुदत २००७ मध्ये संपली, तोवर या जाळीविना खेळाचे स्वतःचे नियम, प्रशिक्षक आणि प्रेक्षक तयार झालेले होते, त्यामुळे परवानगी मिळूनही जाळी टांगण्याची निकड कोणाला वाटली नाही. त्यातल्या दोन लीगा, इंटेन्स फुटबॉल लीग आणि युनायटेड इनडोअर फुटबॉल, २००८ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांची इनडोअर फुटबॉल लीग झाली. तिच्या दोन गटांना तेव्हा इंटेन्स आणि युनायटेड अशी नावे का होती आणि अंतिम सामन्याला युनायटेड बोल का म्हणत, याचे उत्तर या विलीनीकरणात आहे.

आता रॅटलर्सनी घर सोडण्याच्या कारणाकडे वळू. अरीना फुटबॉल लीगची प्रकृती बरीच वर्षे नाजूक होती. २००९ चा हंगाम तिने रद्द केला, मग दिवाळखोरी झाली आणि २०१० मध्ये नव्या व्यवस्थेखाली तीच लीग पुन्हा उभी राहिली. २०१६ मध्ये तिच्यात आठ संघ उरले होते. त्या वर्षीचा हंगाम संपताच पोर्टलंड आणि लॉस एंजेलिस येथील संघ बंद पडले (लॉस एंजेलिसच्या संघाच्या मालकांत ‘किस’ या रॉक बँडचे गायकही होते, पण नुसत्या प्रसिद्धीने तिकिटे खपत नाहीत), ऑर्लँडोने खेळ थांबवला आणि जॅक्सनव्हिलने आणखी वेगळ्याच लीगची वाट धरली. २०१७ मध्ये ही लीग प्रत्यक्षात खेळली ती पाच संघांनिशी : फिलाडेल्फिया, क्लीव्हलंड, टँपा बे आणि नव्याने आलेले वॉशिंग्टन व बाल्टिमोर. नकाशावर ही नावे शोधली तर लक्षात येईल की पाचही शहरे देशाच्या पूर्व भागातली आहेत. रॅटलर्स तेथेच थांबले असते तर फिनिक्सपासून त्यांच्या सर्वांत जवळच्या प्रतिस्पर्ध्याचे अंतर सुमारे २,८०० किलोमीटर झाले असते, आणि प्रत्येक परक्या सामन्याला पंचवीस-तीस माणसांचा ताफा विमानाने न्यावा लागला असता. शिवाय त्याच त्या चार-पाच संघांशी हंगामभर खेळत राहिल्यास प्रेक्षकाला नवे काय दाखवणार, हा प्रश्न होताच.

दुसऱ्या बाजूला इनडोअर फुटबॉल लीगमध्ये २०१७ साठी रॅटलर्स धरून दहा संघ होते आणि प्रत्येकाला सोळा साखळी सामने मिळणार होते. सॉल्ट लेक सिटीजवळचा संघ फिनिक्सपासून साधारण ८०० किलोमीटरवर होता, कोलोरॅडोचा त्याहून थोडा दूर. खेळाडूंचे मानधन आधीच्या लीगपेक्षा बरेच कमी होते. मालकाच्या हिशेबात ही जमेची बाजू होती, खेळाडूच्या हिशेबात अर्थातच नव्हती. हा बदल अनेकदा ‘खालच्या पायरीवर उतरणे’ असा सांगितला जातो. माझ्या मते ते वर्णन अर्धवट आहे. दर्जा आणि मानधन यांचा विचार केला तर रॅटलर्स खाली उतरले हे खरे. परंतु लीग म्हणजे मुळात प्रतिस्पर्ध्यांची हमी असते, आणि ती हमी जेथे संपत आली आहे तेथे वरच्या पायरीवर एकटे उभे राहण्यात काही अर्थ नव्हता.

असे स्थलांतर करणारा हा पहिलाच संघ नव्हता. आयोवा बार्नस्टॉर्मर्स २०१५ पासूनच नव्या लीगमध्ये खेळत होते. कर्ट वॉर्नर हा पुढे एनएफएल या मोकळ्या मैदानावरच्या मुख्य लीगमध्ये सुपर बोल हा अंतिम सामना जिंकणारा क्वार्टरबॅक नव्वदच्या दशकात याच बार्नस्टॉर्मर्सकडून घडला. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा संघ २०१६ मध्ये आला, परंतु त्याला आपले ‘शॉक’ हे जुने नाव मागे ठेवून ‘एम्पायर’ असे नवे नाव घ्यावे लागले, कारण जुन्या नावाचे हक्क अरीना फुटबॉल लीगकडे होते. क्रीडासंघाची खरी मालमत्ता म्हणजे मैदान नव्हे आणि खेळाडूही नव्हेत, तर नाव, चिन्ह आणि त्यांच्याशी जोडलेली प्रेक्षकांची सवय. ती मालमत्ता रॅटलर्सना सोबत नेता आली : नाव तेच, चिन्हावरचा साप तोच, फिनिक्सच्या मध्यवस्तीतले बंदिस्त क्रीडागृहही तेच, आणि २००८ पासून संघाची धुरा सांभाळणारे प्रशिक्षक केव्हिन गायही तेच. तीन विजेतेपदांच्या काळातला क्वार्टरबॅक निक डाविला मात्र नव्या लीगमध्ये आला नाही आणि त्याची जागा कोडी सोकोल याने घेतली.

वेळही थोडाच होता. जुन्या लीगचा हंगाम वसंतात सुरू होऊन उन्हाळ्याच्या शेवटी संपत असे, तर नव्या लीगचे सामने फेब्रुवारीतच सुरू होत. ऑगस्टअखेरीस अंतिम सामना खेळलेल्या संघाला सहा महिन्यांच्या आत नवे खेळाडू, नवे नियम आणि त्या नियमांना साजेशी आखणी जमवायची होती.

नियमांतला फरक कागदावर मोजका दिसतो, मैदानावर मात्र तो खोलवर जातो. जाळी नाही, म्हणजे लांब गेलेला चेंडू सरळ प्रेक्षकांत जातो आणि तेथेच तो डाव संपतो. पाठीशी असलेला आधार नाहीसा झाल्यामुळे क्वार्टरबॅकला अचूकतेची किंमत जास्त मोजावी लागते. चुकलेल्या फील्ड गोलवरून धावत जाऊन गुण मिळवण्याची वाटही बरीचशी बंद होते. हे झाले सर्वांना दिसणारे. त्याहून महत्त्वाचा, पण खुर्चीवरून सहज न जाणवणारा बदल बचावाच्या नियमात आहे. जुन्या लीगमध्ये लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतले खेळाडू, कोठे उभे राहू शकतात आणि कोणत्या दिशेने सरकू शकतात यावर कडक बंधने होती. त्यांना मधल्या चौकटीत जवळजवळ बांधून ठेवलेले असे. त्यामुळे कडेला फेकलेले छोटे, झटपट पास अडवायला कोणी नसे, आणि चांगला क्वार्टरबॅक दिवसभर तेच करत राहून पन्नास-साठ गुण जमवू शकत असे. धावून चेंडू पुढे नेण्याची गरजच फारशी पडत नसे. नव्या लीगमध्ये लाइनबॅकरना बाजूला पसरण्याची मुभा होती. छोट्या पासची ती मोकळी वाट अडवली गेली.

याची थोडी भरपाई आक्रमणालाही मिळाली. चेंडू खेळात येण्याच्या क्षणी बहुतेक खेळाडूंनी स्थिर असावे असा या खेळाचा दंडक आहे. जुन्या बंदिस्त लीगमध्ये एका खेळाडूला आधीच पुढे धाव घेत येण्याची सवलत होती, तर नव्या लीगमध्ये ती दोघांना होती. दोन झेलणारे पूर्ण वेगात असताना डाव सुरू झाला की बचाव करणाऱ्याला वळायला अर्धा क्षणही मिळत नाही. तरीही एकंदर गोळाबेरीज अशी की जाळीविना खेळात धावण्याला, म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीतून वाट काढणाऱ्या बळकट धावकाला आणि वेळ पडल्यास स्वतःच पळणाऱ्या क्वार्टरबॅकला, पूर्वीपेक्षा पुष्कळ महत्त्व येते. रॅटलर्सच्या ताफ्यात डॅरेल मनरो या धावकाला जे स्थान मिळाले ते या दृष्टीने पाहिले पाहिजे; जुन्या नियमांत तसा खेळाडू बहुतेक वेळ इतरांसाठी अडवाअडवी करत राहिला असता. जुन्या लीगमधली पासवर उभारलेली पद्धत तशीच उचलून आणली असती तर हा संघ पहिल्या वर्षी चाचपडत राहिला असता, असे मला वाटते. प्रशिक्षक गाय यांचे श्रेय हे की त्यांनी तसे केले नाही.

त्या वर्षीच्या लीगमध्ये विचित्र गोष्टींची वाण नव्हती. सॉल्ट लेक स्क्रीमिंग ईगल्स हा नवा संघ तर प्रेक्षकांनी मोबाइलवरून चालवायचा, अशा कल्पनेवर उभा होता. संघाचे नाव प्रेक्षकांच्या मतांनी ठरले, प्रशिक्षक निवडतानाही त्यांची मते घेतली गेली, आणि सामना चालू असताना आक्रमणाचा पुढचा डाव कोणता खेळायचा यासाठी अ‍ॅपवर पर्याय येत, त्यांवर काही सेकंदांत मतदान होई आणि बहुमताने ठरलेला डाव खेळाडू खेळत. समोरच्याचा बचाव वाचून ऐन वेळी निर्णय घेणे हे ज्या खेळाचे मर्म आहे, तेथे घरी बसलेल्या हजारो अनोळखी माणसांच्या बहुमताने डाव ठरवणे ही करमणूक होती, क्रीडानीती नव्हे. पण फिनिक्सच्या क्रीडागृहात एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या सन्स संघाशेजारी वाढलेल्या रॅटलर्सना आता कोणत्या जगात खेळायचे आहे, याचा अंदाज त्यावरून येतो. नेब्रास्काचा संघ ग्रँड आयलंडसारख्या छोट्या गावात खेळत असे, विचिता फॉल्स, सीडर रॅपिड्स आणि ग्रीन बे ही शहरेही काही महानगरे नव्हेत. मोठ्या शहरातला, पाच विजेतेपदांचा आणि पंचवीस वर्षांचा वारसा असलेला संघ तेथे येणे हे लीगला हवेच होते, आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला तो पाडण्याची हौसही तेवढीच होती.

रॅटलर्सनी सोळांपैकी बारा साखळी सामने जिंकले आणि चार गमावले. ही कामगिरी चांगली होती, परंतु लीगला लोळवणारी नव्हती, आणि ‘वरून आलेला संघ सगळ्यांना सहज हरवेल’ हा काही जुन्या चाहत्यांचा समज त्या चार पराभवांनी खोटा ठरवला. बाद फेरीत प्रत्येक गटातले पहिले दोन संघ खेळत. इंटेन्स गटाच्या निर्णायक सामन्यात रॅटलर्सनी नेब्रास्का डेंजरचा पराभव केला आणि युनायटेड बोलमध्ये त्यांची गाठ सू फॉल्स स्टॉर्मशी पडली.

साउथ डकोटा राज्यातला हा सू फॉल्सचा संघ म्हणजे त्या लीगचा अनभिषिक्त राजा होता. २०११ पासून २०१६ पर्यंत सलग सहा विजेतेपदे त्याने मिळवली होती आणि प्रशिक्षक कर्टिस रिग्ज यांनी जाळीविना खेळाची एक घोटून पक्की केलेली पद्धत तेथे रुजवली होती. अंतिम सामनाही त्यांच्याच क्रीडागृहात, डेनी सॅनफर्ड प्रीमियर सेंटरमध्ये, ८ जुलै २०१७ रोजी झाला. एका बाजूला जाळीच्या लीगचा अनुभव असलेला पाहुणा संघ आणि दुसऱ्या बाजूला जाळी कधी न वापरलेल्या लीगचा सर्वांत यशस्वी संघ, अशी ती लढत होती. रॅटलर्सनी ती ५०-४१ अशी जिंकली, नव्या लीगमधल्या पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवले आणि सू फॉल्सची सहा वर्षांची मालिका खंडित केली.

या विजयातून जुनी लीग श्रेष्ठ होती असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. तो मला पटत नाही. एक तर विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक नवा होता आणि खेळण्याची रीतही नवी होती, त्यामुळे जिंकले ते ‘जुन्या लीगचे फुटबॉल’ नव्हतेच. दुसरे असे की त्याच हिवाळ्यात जुन्या लीगमधले संघ एकामागून एक बंद पडल्यामुळे बंदिस्त मैदानाचा अनुभव असलेले पुष्कळ खेळाडू बेकार झाले होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना ओळखणारा प्रशिक्षक, मोठे शहर आणि नावाजलेला संघ या तिन्ही गोष्टी रॅटलर्सकडे एकत्र होत्या. त्यांच्या यशात हा संघटनेचा भाग मोठा आहे.

नवे घरही तसे भक्कम नव्हते. २०१७ चा हंगाम संपल्यावर स्पोकेन, कोलोरॅडो, विचिता फॉल्स आणि मोबाइलवरून चालणारा सॉल्ट लेक असे चार संघ गळाले आणि २०१८ मध्ये इनडोअर फुटबॉल लीग सहा संघांवर आली. फरक एवढाच की या लीगचा खर्च मुळातच कमी असल्याने ती या गळतीतून सावरली आणि पुढे पुन्हा वाढली, तर अरीना फुटबॉल लीगने २०१९ च्या हंगामानंतर दिवाळखोरी पत्करून दरवाजे बंद केले. २०२४ मध्ये त्या नावाने पुन्हा एक लीग सुरू झाली, तेव्हा रॅटलर्स तिच्याकडे परतले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी मॅसॅच्युसेट्स पायरेट्सचा ५३-१६ असा धुव्वा उडवून इनडोअर फुटबॉल लीगचे आपले दुसरे विजेतेपद मिळवले. दरम्यान २०१९ च्या अंतिम सामन्यात सू फॉल्सने त्यांना ५५-५३ असे हरवून जुनी बाकी वसूल केलेली होती.